पिकअप गेला, पैठण सापडलं

पैठण म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. साडी आणि नाथ. फार तर तिसरं धरण. औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरच्या) कुठल्याही टूर-प्लॅनमध्ये पैठणच्या वाट्याला अगदी मोजून दोन तास येतात. सकाळी वेरूळ, दुपारी मकबरा, आणि दुसऱ्या दिवशी ‘जाता जाता पैठण’. आईसाठी साडी, नाथांचं दर्शन, धरणासमोर फोटो, चला बसा गाडीत! आम्हीही तसंच करणार होतो. पण आमच्या गाडीला ते मान्य नव्हतं.

गाडी माझ्या मैत्रिणीची. म्हणजे तिच्या बाबांची. २००६ सालची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, पाच गिअर, मागच्या काचेवर अजूनही तिच्या कॉलेजचा स्टिकर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा काही दोष नाही. वीस वर्षं कुठलीही वस्तू चालली तर तिला थोडं कुरकुरायचा हक्क आहे. तर ही गाडी दोन महिन्यांपासून कुरकुरत होती. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जरा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हिसके. उचकी लागल्यासारखी. सिग्नलला उभी असताना मात्र एकदम गुणी बाळ.

पुण्यातल्या एका चकाचक सर्व्हिस सेंटरनं तिला स्कॅनर लावला. स्कॅनरमध्ये काहीच आलं नाही. मग त्यांनी फ्युएल पंप, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी अशी यादी करून तेवीस हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं आणि वर प्रेमानं सल्ला दिला, ‘मॅडम, आता नवीन घ्या.’ गंमत म्हणजे, गाडी विकत घ्यायला तयार असलेला माणूस पस्तीस हजार देत होता. त्यात मे महिन्यात रजिस्ट्रेशन संपणार. वीस वर्षांवरच्या कारच्या रिन्यूअलची फी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली आहे. हिशेब कुणालाही कळेल असा होता. बाबांचा गुडघा गेल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, पण रविवारी खाली जाऊन ती पुसतात. त्यामुळे मैत्रीण विकायचं म्हणायची आणि दर आठवड्याला फोन करायचं टाळायची. पैठण ही तिच्या मते ‘लास्ट ट्रिप’ होती.

पुण्याहून पैठण दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. नगर (आता अहिल्यानगर), मग करंजी घाट, तिसगाव, शेवगाव आणि पैठण. करंजी घाट जाताना उतरायचाच असतो, त्यामुळे गाडी गपगुमान उतरली. खरा सिनेमा शेवगावनंतर. जानेवारी म्हणजे उसाचा सीझन. समोर दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, ऊस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबतोय, मागे लाल रिफ्लेक्टर नावाला. ओव्हरटेक करायला म्हणून मैत्रीण बाहेर आली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडीनं निम्म्या वाटेत जीव सोडला. झटका, झटका, झटका. समोरून टेम्पो. ट्रॅक्टरवाल्यानं डावीकडे घेतलं म्हणून आम्ही आत शिरलो. त्यानंतर पैठणपर्यंत आम्ही त्या उसाच्या मागे ताशी पंचवीसनं आलो आणि दोघींपैकी कुणीही गाणी लावली नाहीत. ‘पिकअप नाही’ हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकायला किरकोळ वाटतं. ओव्हरटेक करताना ते किरकोळ नसतं, एवढं सांगते.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशांच्या गाइडबुकात पैठणचं नाव आहे. पैठण भरुचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तिथून गोमेदासारखे किमती दगड गाड्यांत भरून, धड रस्तेही नसलेल्या मुलुखातून भरुच बंदरात येतात, असं तो लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही पैठणची ओळख काय, तर गाड्या! आणि वीस दिवसांच्या त्या वाटेत चाकं, आस, जू काहीच मोडलं नसेल असं कोण म्हणेल? दुरुस्ती करणारी माणसं तेव्हाही या गावात असणारच. आम्हाला त्यांचा आजचा वारसदार भेटला.

एमआयडीसीच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड. बाहेर दोन ट्रॅक्टर, एक छोटा हत्ती, आत खड्ड्यावर एक जीप. साठीकडे झुकलेले मिस्त्री. आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो, ते आम्हाला ताई. आम्हाला वाटलं, आता बॉनेट उघडतील. त्यांनी उघडलंच नाही. पाटावर बसले, चहा सांगितला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

‘कव्हा मारती मिसिंग? गार असताना, का गरम झाल्यावर?’

‘दोन्ही वेळेला. सकाळी धुक्यात जास्त.’

‘रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो न् गाडी तितकीच पळती, असं होतं का?’

नाही, आवाजही अडखळतो. ‘मंग क्लच नाही,’ मामा म्हणाले. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं पण चाकापर्यंत ताकद पोचत नाही. एका प्रश्नात दहा-बारा हजारांचं एक काम बाद!

‘ए.सी. लावल्यावर?’ वाढतं. ‘टाकीत पेट्रोल कमी असलं की?’ फरक नाही. ‘मिसिंग कसं मारती? हळूहळू दम सुटल्यासारखी, का एकदम कुणी हिसका दिल्यासारखी?’

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण दोन महिन्यांत तो कुणी विचारलाच नव्हता. पेट्रोल कमी पडत असेल, म्हणजे फिल्टर चोंदला असेल किंवा पंप थकला असेल, तर गाडी सहसा दमत जाते. चढावर चालताना आपला श्वास पुरत नाही तशी. ठिणगी चुकत असेल तर मात्र झटका तीक्ष्ण बसतो. एक क्षण ताकद आहे, दुसऱ्या क्षणी नाही, तिसऱ्या क्षणी परत आहे. आमची गाडी दुसऱ्या जातीची होती. ‘करंटचं काम दिसतंय,’ मामा म्हणाले. पण लगेच बोट वर केलं, ‘दिसतंय म्हणालो. हाय, असं नाही म्हणालो.’

मग बॉनेट उघडलं. आधी सगळ्यात स्वस्त वस्तू. एअर फिल्टर. काढून आपटला तर अर्धा नगर-शेवगाव रस्ता खाली पडला. हवा मारून परत बसवला. गाडी थोडी मोकळी झाली, हिसके तसेच. मग हवेच्या पाइपांवरून हात फिरवून कुठे चीर आहे का पाहिलं. मग चारही प्लग काढून एका वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन प्लगांची टोकं बिस्किटासारखी फिकट तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा, ओलसर, नाकाशी नेला तर पेट्रोलचा वास. जळायला आलेलं पेट्रोल तिथे न जळताच परत जात होतं.

‘प्लग गेला!’ मैत्रीण खुश. दीडशे रुपयांत सुटलो! मामांनी मान हलवली. त्यांनी काळा प्लग पुसून पहिल्या सिलिंडरला बसवला आणि पहिल्याचा चांगला प्लग तिसऱ्याला. गाडी चालू केली आणि पोराला सांगितलं, एकेका प्लगची वायर रबरी हातमोज्यानं काढ. (हे घरी करून बघू नका. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात.) पहिली काढली, इंजिन लडखडलं. दुसरी, लडखडलं. चौथी, लडखडलं. तिसरी काढली तर फरक अगदीच थोडा. म्हणजे प्लग बदलला तरी रोग तिसऱ्याच घरात राहिला. प्लग नाही, प्लगपर्यंत पोचणारं काहीतरी.

नंतर जे झालं ते मी विसरणार नाही. मामांनी शटर खाली ओढलं. शेडमध्ये अंधार. इंजिन चालू. स्प्रेच्या बाटलीतून त्यांनी वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि हळूच रेस दिली. तिसऱ्या वायरीच्या वाकणातून एक निळी रेघ उडाली आणि इंजिनच्या कव्हरवर आपटली. टिक. टिक. टिक. प्रत्येक टिकला गाडीचा एक हिसका. दोन महिने जे कुणालाच दिसत नव्हतं, ते डोळ्यांसमोर लखलखत होतं.

कारण साधं आहे. वीस वर्षांच्या उष्णतेनं वायरीचं रबर कडक होऊन तडकलं होतं. गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, ठिणगी प्लगच्या फटीतून सहज उडी मारते. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आत जास्त हवा-पेट्रोल शिरतं, दाब वाढतो, आणि त्याच फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. वीज आपल्यासारखीच आळशी. तिला तडकलेल्या रबरातून बाहेर पळायची सोपी वाट सापडते. म्हणून सिग्नलला गुणी बाळ आणि ओव्हरटेकला दगा. सकाळचा दमटपणा ती वाट आणखी सोपी करतो.

आणि स्कॅनर? ठिणगी चुकली की ते ओळखून दिवा लावणं हे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. २००६ च्या आमच्या बिचारीच्या कॉम्प्युटरला ते कुणी शिकवलंच नव्हतं. ‘एरर नाही’ याचा अर्थ ‘बिघाड नाही’ असा होत नाही, हे तेवीस हजारांचं एस्टिमेट काढणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तेवढ्यात जीपवाल्या काकांनी चर्चेत उडी घेतली, ‘अहो, हे सगळं इथेनॉलमुळं!’ २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं गाठलं, तेव्हापासून गाडीला शिंक आली तरी इथेनॉल. आता त्यात काहीच तथ्य नाही असं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांची तूट. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत, तेही खरं. पण मामांनी वर्तमानपत्रावरच्या प्लगांकडे बोट दाखवलं, ‘चारी सिलिंडरला एकच पेट्रोल जातं ना? मंग एकच प्लग काळा कसा?’ काका गप्प. मला मात्र वेगळीच गंमत वाटत होती. ज्या उसाच्या ट्रॅक्टरमागे आम्ही आलो, तसल्याच उसाचं इथेनॉल आमच्या टाकीत असणार. आमचीच ट्रॉली आमच्या पुढे.

वायरींचा सेट पैठणमध्ये नव्हता. मामांनी संभाजीनगरला फोन केला, तिकडून येणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पार्ट येणार, तीन तास लागणार. दोन तासांचं पैठण आता पाच तासांचं झालं होतं. आम्ही पायी निघालो.

आणि खरं सांगू? पैठण पायीच बघायचं गाव आहे. जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद की गाडीचा आरसा भिंतीला लागेल. चढ-उतार, मध्येच लाकडी खांबांचा एखादा वाडा, मध्येच सिमेंट. गावातल्या नाथ मंदिरात, म्हणजे एकनाथांच्या राहत्या वाड्यात, तो प्रसिद्ध रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा गडी होऊन देवानं बारा वर्षं नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरलं, ही कथा आपण शाळेत ऐकलेली. फाल्गुनात नाथषष्ठीच्या वेळी भाविक तो रांजण पाण्यानं भरतात. एरवी तिथे इतकी शांतता असते की एक आजी भिंतीला टेकून चक्क डुलकी काढत होत्या. नाथांनी १५९९ मध्ये गोदावरीत जलसमाधी घेतली. समाधी मंदिर नदीच्या काठाला आहे, तिथली गर्दी वेगळी, प्रसादाची दुकानं वेगळी. वेळ कमी असेल तर लोक तिथेच जातात आणि वाडा राहून जातो. उलटं करा.

नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते ठिकाण हेच, असं इथे सांगतात. शुद्धिपत्र मागायला आलेली चार भावंडं, समोर पैठणचे विद्वान, आणि बोलून दाखवलं कुणी, तर रेड्यानं. मैत्रीण मूर्तीसमोर उभी राहून म्हणाली, ‘आणि आपल्या मामांनी गाडीला बोलतं केलं.’ विनोद फार ग्रेट नव्हता. पण आम्ही सकाळपासून पहिल्यांदा हसलो.

मग माग. पैठणीबद्दल एक फंडा सांगते, दुकानात कामी येईल. समोरून सगळ्याच साड्या सुंदर दिसतात. उलटी बाजू बघा. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदराचे मोर, कमळं, वेली धाग्यात धागा अडकवून विणलेल्या असतात, त्यामुळे मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मशीनच्या साडीला मागे लोंबणारे नाहीतर कापलेले धागे सापडतात. आम्ही गेलो तिथे मागावरच्या ताईंचा एक धागा तुटला होता. त्यांनी माग थांबवला, बोटांनी चाचपत हजारो धाग्यांतून तो एकच नेमका शोधला, गाठ मारली आणि बोलता बोलता काम पुढे चालू. किंमत विचारली. आमच्या तेवीस हजारांच्या एस्टिमेटमध्ये चांगली साडी आली असती, हे मैत्रिणीनं मोठ्यानं म्हणून दाखवलं.

धरण आम्ही शेवटी आणि लांबूनच पाहिलं. जायकवाडी. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, मागे शंभर टीएमसीहून मोठा नाथसागर. संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी इथलंच. जलाशयाचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात परदेशी पाहुणे येतात, नशीब असेल तर फ्लेमिंगोही. आमच्या नशिबात त्या दिवशी बगळे आणि मामांचा फोन होता : ‘या, पार्ट आला.’

नव्या वायरी, चार नवे प्लग, मजुरी : दोन हजार चारशे रुपये. पेट्रोलचा फिल्टर पुढच्या सर्व्हिसिंगला बदला, आज गरज नाही, असं मामांनी बजावलं. न विकता आलेली वस्तू न विकणारा माणूस फार दिवसांनी भेटला. जुनी वायर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मैत्रिणीच्या हातात दिली, ‘बाबांना दाखवा.’

परतताना करंजी घाट चढायचा होता. तिसरा गिअर, ए.सी. चालू, पुढे एक लोडेड ट्रक. वळण संपल्यावर समोर रस्ता मोकळा दिसला. मैत्रिणीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी गेली. नुसती गेली. माथ्यावर चहा प्यायला थांबलो तेव्हा तिनं पस्तीस हजारवाल्याला मेसेज केला : सध्या विकायची नाही, मे महिन्यात बघू.

तर, जायचं कसं? पुण्याहून वर सांगितलेला रस्ता, संभाजीनगरहून बिडकीनमार्गे पन्नासेक किलोमीटर, एसटीही भरपूर. ऊस चालू असताना अंधारात शेवगावचा रस्ता टाळा. जुनी गाडी असेल आणि हिसके देत असेल तर निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा : कधी देते, कोणत्या गिअरला, गार की गरम, ए.सी. लावल्यावर काय होतं, दम सुटतो की झटका बसतो. मेकॅनिकनं यातलं काहीच न विचारता आकडा सांगितला, तर चहा पिऊन दुसरीकडे जा. आणि नाथषष्ठीच्या दिवसांत गाडी घेऊन जुन्या गावात शिरायचा विचारही करू नका. तेव्हा पैठण वारकऱ्यांचं असतं.